शंका-समाधान : मोटर भरायला नेण्याआधी

रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पिकांपेक्षा मोटरींच्या तक्रारी अधिक असतात. या वेळी निवडलेल्या पाच पत्रांपैकी पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या एका पत्रात इतर अनेक वाचकांच्या शंका सामावलेल्या आहेत. उत्तरांत सांगितलेली जी मोजमापे चालू विजेवर घ्यावी लागतात, ती परवानाधारक वायरमनकडूनच घ्यावीत. डीपीवरचा (म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज तर कोणत्याही शेतकऱ्याने स्वतः बसवू नये. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून लाईनमनची वाट पाहावी लागली तरी हरकत नाही.

प्रश्न : आमची विहिरीत सोडलेली ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल मोटर दीड वर्षात तीन वेळा जळाली. दर वेळी भरून, म्हणजे वाइंडिंगची वायर नव्याने गुंडाळून, आणली. दुकानदार म्हणतात, वायर चांगली वापरली आहे, दोष तुमच्या लाईटमध्ये आहे. वीज कर्मचारी म्हणतात, लाईट बरोबर आहे. टेस्टर लावला तर तिन्ही फेजवर दिवा लागतो. स्टार्टरला लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो बसवलेला आहे. जास्त करंट गेला की मोटर बंद करणारी रिले १४ अँपिअरवर ठेवली आहे, कारण ९ वर ठेवली की सारखी ट्रिप होते. शेवटच्या वेळी मोटर उघडली तेव्हा दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि एका फेजच्या अगदी नव्यासारख्या होत्या. नेमका दोष कोणाचा?
— एक ऊस उत्पादक, नेवासा तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य शेवटून दुसरे आहे. मोटर भरायला दिली की बहुतेक जण दुसऱ्या दिवशी ती आणायलाच जातात. आपण ती उघडताना समोर उभे राहिलात हे फार चांगले केले, कारण जळालेले वाइंडिंग मोटर कशाने जळाली हे बऱ्याच अंशी स्वतःच सांगते. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटरवर भार जास्त होता, व्होल्टेज कमी होते किंवा ती पाण्याविना फिरली, असे समजावे. एकाच ठिकाणी भोक पडल्यासारखे जळाले असेल आणि बाकीचे वाइंडिंग स्वच्छ असेल तर तेथे इन्सुलेशन फुटले, म्हणजे पाणी शिरले, वायर घासली गेली किंवा विजेचा तडाखा बसला. आपल्याप्रमाणे दोन फेज काळ्या आणि एक कोरी असेल, तर मोटर दोन फेजवर चालली हे जवळजवळ निश्चित आहे. ५ एचपीच्या सबमर्सिबलचे वाइंडिंग बहुधा स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलचे एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेले असते आणि त्यात एक फेज गेली की सगळा करंट उरलेल्या दोन वाइंडिंगमधून वाहतो. डेल्टामध्ये, म्हणजे कॉइल त्रिकोणात एकमेकींना, जोडलेल्या मोटरीत याच्या उलट चित्र दिसते. तेथे एक फेज जळते आणि दोन शाबूत राहतात. स्टार-डेल्टा स्टार्टरवर चालणाऱ्या मोठ्या मोटरींच्या मालकांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आता प्रश्न असा की फेज गेली तेव्हा रिलेने मोटर बंद का केली नाही. याचे उत्तर आपल्या १४ या आकड्यात आहे. आपली मोटर नेहमी साधारण साडेआठ अँपिअर घेत असेल असे धरू. चालत्या मोटरीची एक फेज गेली आणि पाण्याचा भार तोच राहिला, तर उरलेल्या दोन फेजमधला करंट सुमारे १.७३ पट होतो, म्हणजे १४.७ अँपिअर. रिले १४ वर असेल तर हा करंट तिच्या मर्यादेपेक्षा केवळ पाच टक्क्यांनी जास्त आहे आणि एवढ्या जास्तीवर रिलेने दोन तासांत ट्रिप होऊ नये, अशीच तिची रचना असते. वाइंडिंग मात्र त्याच्या कितीतरी आधी जळते. हीच रिले ९.५ वर असती तर १४.७ म्हणजे दीडपटीहून जास्त झाले असते आणि तापलेल्या अवस्थेत तिने दोन-एक मिनिटांत मोटर थांबवली असती. तेव्हा १४ वर ठेवलेली रिले पेटीत आहे खरी, पण तिच्याकडून राखण होत नाही. रिलेचा आकडा मोटरच्या नेमप्लेटवरील पूर्ण भाराच्या करंटइतकाच ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मुख्य लाईनऐवजी वाइंडिंगच्या वाटेवर बसवलेली असेल तर तो आकडा ०.५८ ने गुणून घ्यावा.

९ वर रिले सारखी ट्रिप होत होती, हीसुद्धा तिची चूक नव्हती. ती काहीतरी सांगत होती. मोटर चालू असताना तीन व्होल्टेज आणि तीन करंट, अशी सहा मापे वायरमनकडून घ्या. व्होल्टेज मल्टीमीटरने दोन-दोन फेजमध्ये मोजायचे आणि करंट क्लॅम्प मीटरने प्रत्येक वायरवर वेगवेगळा मोजायचा. समजा ४००, ३८५ आणि ३६५ व्होल्ट मिळाले. सरासरी ३८३ येते, सर्वांत दूरचा आकडा ३६५ म्हणजे सुमारे १८ व्होल्टने दूर, म्हणून असमतोल ४.८ टक्के झाला. वाचायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण व्होल्टेजमधल्या असमतोलाच्या सहा ते दहा पट असमतोल करंटमध्ये उतरतो आणि एक फेज तेवढी तापत राहते. पाच टक्क्यांच्या पुढे असमतोल असेल तर मोटर चालवूच नये.

असमतोल लाईनमध्ये आहे की मोटरमध्ये, यावरून दुकानदार आणि वीज कर्मचारी यांच्यात जो वाद चालतो, तो दहा मिनिटांत मिटवता येतो. मुख्य स्विच बंद करून मोटरच्या तिन्ही वायरी स्टार्टरवर एकेक घर पुढे सरकवा. पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या आणि तिसरी पहिलीच्या. अशा बदलाने मोटर उलटी फिरत नाही. पुन्हा करंट मोजा. जास्तीचा करंट स्टार्टरच्या त्याच घरावर राहिला तर दोष पुरवठ्यात आहे, आणि तो मोटरच्या वायरीबरोबर पुढच्या घरात सरकला तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे. हे दोन्ही वेळचे आकडे कागदावर लिहून घेतलेत तर पुढचे बोलणे सोपे जाते.

टेस्टरविषयी मात्र स्पष्ट लिहितो : थ्री फेज मोटरीचा दोष शोधताना खिशातल्या टेस्टरवर विसंबू नये. एक फेज गेलेली असताना मोटर जोडलेली असेल, तर बाकीच्या फेजचा दाब मोटरच्याच वाइंडिंगमधून फिरून त्या मेलेल्या वायरीवर येतो आणि टेस्टरचा दिवा तिन्हीकडे लागतो. टेस्टरने ‘तिन्ही फेज आहेत’ असे सांगितले आणि तासाभराने मोटर जळाली, असे अनेकांच्या बाबतीत घडलेले आहे. मोटर फिरत असताना व्होल्टमीटरही याच कारणाने थोडाफार फसवतो. क्लॅम्प मीटर मात्र फसत नाही, कारण ज्या वायरीत करंट शून्य आहे, तीच फेज गेलेली असते.

शेवटी ऑटोविषयी. रात्रीच्या पाळीत थंडीत उठून विहिरीवर जाण्याचा आणि साप-विंचवांचा त्रास ज्याला माहीत आहे, तो ऑटो काढून टाका असे सांगणार नाही. पण ऑटो एकटा बसवणे चुकीचे आहे. एका ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण क्षमता सुमारे ८४ अँपिअर असते. तिच्यावर ५ एचपीच्या आठ मोटरी असतील तर चालू असताना त्या ७२ अँपिअरच्या आसपास घेतात आणि डीपी ते सहज पेलते. परंतु लाईट आल्याच्या क्षणी आठही ऑटो एकदम मोटरी सुरू करतात, प्रत्येक मोटर सुरू होताना सहापट करंट घेते, आणि डीपीवर क्षणभर चारशेहून अधिक अँपिअरचा भार पडतो. त्यात एका फेजचा फ्यूज उडतो आणि उरलेल्या दोन फेजवर सगळ्यांच्या मोटरी घुमत राहतात. म्हणून ऑटोसोबत, एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर असलाच पाहिजे, आणि तो शक्यतो करंट ओळखणारा असावा, कारण डीपीपासून मोटरपर्यंत फेज कोठेही तुटली तरी त्याला कळते. केवळ व्होल्टेज पाहणाऱ्याला त्याच्या पुढची तुटलेली वायर दिसत नाही. शिवाय ऑटोमध्ये उशिराची वेळ लावण्याची सोय असेल तर डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून कोणी एक मिनिट, कोणी दोन, कोणी चार अशी वेळ लावून घ्यावी. बांधावरून भांडणारे शेजारीही या एका गोष्टीवर एकत्र येतात, असा माझा अनुभव आहे, कारण डीपी जळाली की सगळ्यांचेच पीक वाळते.

प्रश्न : मीटरपेटीपासून आमची विहीर ६०० मीटर दूर आहे. मधे ४ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची केबल पुरली आहे. विहिरीवरील स्टार्टरचे बटण दाबले की तो खडखड वाजतो, धरतो आणि सोडतो. पेटीजवळ ४०० व्होल्ट आहेत. स्टार्टर दोनदा बदलला. मोटर ५ एचपीची मोनोब्लॉक आहे.
— एक डाळिंब बागायतदार, सांगोला तालुका

उत्तर : तिसरा स्टार्टर आणू नका. आपल्या केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे ६०० मीटरला जवळजवळ साडेचार ओहम आहे. मोटर चालू असताना ८ अँपिअर घेते असे धरले तर केबलमध्येच सुमारे ५० व्होल्ट खर्ची पडतात आणि मोटरला साडेतीनशे मिळतात. सुरू होतानाची स्थिती याहून वाईट आहे. बटण दाबण्यापूर्वी केबलमधून करंट वाहत नसल्यामुळे स्टार्टरच्या कॉइलला पूर्ण ४०० व्होल्ट मिळतात आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच, लगेच ओढला जातो. तो ओढला जाताच मोटर जोराचा करंट मागते, विहिरीवरचे व्होल्टेज अडीचशेच्या आसपास कोसळते, कॉइलचा जोर संपतो आणि कॉन्टॅक्टर सुटतो. सुटला की करंट थांबतो, व्होल्टेज परत चढते आणि कॉन्टॅक्टर पुन्हा ओढला जातो. आपल्याला ऐकू येणारी खडखड हीच आहे. प्रत्येक झटक्याला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, म्हणून स्टार्टर खराब होतात. दोष त्यांचा नव्हे.

मोटरीचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो हेही लक्षात घ्यावे. ४१५ ऐवजी २५० व्होल्ट मिळाले तर सुरुवातीचा जोर ३६ टक्क्यांवर येतो. अशा वेळी काही जण कॉन्टॅक्टरमध्ये काडी किंवा चप्पलेचा तुकडा अडकवून तो दाबून ठेवतात. तसे केल्यास मोटर जोर न मिळता उभ्यानेच तापते आणि रिलेला ती बंद करण्याचा मार्गही उरत नाही.

यावर खरा इलाज केबल बदलणे हाच आहे. अ‍ॅल्युमिनियमची १० चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर चालू स्थितीतील घट सुमारे २० व्होल्टवर येते आणि १६ ची घेतली तर सुमारे १३ व्होल्टवर. मी १६ चीच शिफारस करीन. खर्च मोठा आहे हे मान्य, पण सध्याच्या केबलमध्ये मोटर चालू असताना साडेआठशे वॅट केवळ जमीन तापवण्यात जातात. काही जण अशा वेळी कंडेन्सर बसवायला सांगतात. ५ एचपीच्या मोटरला २ केव्हीएआरचा कंडेन्सर बसवणे योग्यच आहे. त्याने लाईनमधला करंट ८ वरून साधारण पावणेसातवर येतो आणि केबलमधील वीजनाश तीन-दशांशाने कमी होतो. मात्र बारीक, लांब केबलमधली व्होल्टेजची घट त्याने फारशी भरून निघत नाही, त्यामुळे कंडेन्सर हा आपल्या खडखडीवरचा उपाय म्हणून घेऊ नये.

ज्यांची केबल आखूड आहे आणि तरीही स्टार्टर गुणगुणतो, त्यांनी वीज पूर्ण बंद करून कॉन्टॅक्टर उघडावा. दोन लोखंडी तोंडांमध्ये धूळ, गंज, मुंग्या किंवा पाल सापडणे नित्याचे आहे. ती तोंडे कोरड्या फडक्याने पुसावीत, कानस लावू नये. त्यांवर बसवलेली तांब्याची लहान शेडिंग रिंग तुटली असेल तर कितीही पुसले तरी आवाज जात नाही आणि कॉन्टॅक्टर बदलावाच लागतो.

प्रश्न : आमच्या कडबा कुट्टीला २ एचपीची सिंगल फेज मोटर आहे. बटण दाबले की नुसती घूं करते, फिरत नाही. चाकाला हाताने धक्का दिला की सुरू होते. असे चालवले तर चालेल का?
— एक दूध उत्पादक भगिनी, माण तालुका

उत्तर : नाही, आणि आजपासूनच नाही. चाकाला हात लावताना मोटरने एकदम वेग घेतला तर पाती हात सोडत नाहीत. धक्क्याने मोटर सुरू होते यावरून तिचे मुख्य वाइंडिंग शाबूत आहे आणि सुरुवात करून देणारी बाजू निकामी झाली आहे, एवढे कळते. त्या बाजूला तीनच गोष्टी असतात : कंडेन्सर, मोटरच्या आतील सेंट्रिफ्यूगल स्विच आणि सुरुवातीचे वाइंडिंग. तपासणी याच क्रमाने करावी, कारण कंडेन्सर सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा तोच गेलेला असतो. तो फुगला असेल, तेल गळत असेल किंवा मीटरवर त्याचे मायक्रोफॅरड लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरेच कमी येत असतील तर बदलावा. नवा त्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा असावा. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो, म्हणून मिस्त्री त्याची दोन्ही टोके आधी बल्बला लावून तो रिकामा करतात. पेचकसाने टोके जोडून ठिणगी उडवण्याची पद्धत धोक्याची आहे.

कंडेन्सर चांगला निघाला तर सेंट्रिफ्यूगल स्विच पाहावा. मोटर बंद होऊन थांबताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्याचाच. कुट्टीजवळच्या मोटरीत वैरणीचा भुसा शिरून तो अडकून बसतो. आणि मोटरला वीज घरातून बारीक एक्स्टेन्शन वायरने ओढून नेली असेल तर दुरुस्तीआधी ती वायर बदला. ही मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट.

प्रश्न : डीपी बदलल्यापासून बोअरची मोटर चालू होते, आवाजही येतो, पण पाणी निम्मेच पडते. मोटर वर काढावी का?
— एक वाचक, वैजापूर तालुका

उत्तर : अजिबात काढू नये. डीपी बदलताना दोन फेजची अदलाबदल झाली आहे आणि मोटर उलटी फिरत आहे, अशीच शक्यता सर्वांत जास्त आहे. वीज बंद करून स्टार्टरच्या पुढच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन एकमेकींच्या जागी लावाव्यात आणि मिनिटभर चालवून पाहावे. ज्या जोडणीत पाणी आणि दाब जास्त, ती खरी दिशा. शेजाऱ्यांनाही कळवा, कारण त्या डीपीवरच्या सर्वांच्याच मोटरी उलट्या झाल्या असतील.

प्रश्न : विहिरीवरच्या लोखंडी पाईपला हात लावला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्त. मोटर मात्र व्यवस्थित चालते.
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : हे पत्र छापून येण्याची वाट न पाहता त्यांना टपालाने आधीच कळवले आहे की मोटर ताबडतोब बंद ठेवावी आणि पाईपजवळ माणसांना किंवा जनावरांना जाऊ देऊ नये. बैलाला किंवा म्हशीला माणसापेक्षा कमी विजेने अपाय होतो. मोटर चांगली चालते याचा येथे काही उपयोग नाही. चालत्या मोटरीतूनही वीज अंगावर, म्हणजे तिच्या लोखंडी कवचावर, उतरू शकते.

येथे दोन दोष एकाच वेळी आहेत : कोठेतरी इन्सुलेशन कमजोर झाले आहे आणि अर्थिंग काम करत नाही. अर्थिंग नीट असती तर गळणारी वीज माणसाची वाट न पाहता जमिनीत गेली असती. इन्सुलेशन मल्टीमीटरने कळत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र, लागतो. केबल स्टार्टरमधून सोडवून प्रत्येक फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मेगर लावावा. एक मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर मोटर चालवू नये. सबमर्सिबल असेल तर मोटर भरायला नेण्यापूर्वी केबलचा पाण्यातला जोड कापून मोटर आणि केबल वेगवेगळी तपासावी, कारण दोष पुष्कळदा त्या जोडातच असतो. साध्या काळ्या टेपवर दुधाची पिशवी गुंडाळून दोऱ्याने बांधलेला जोड मी स्वतः पाहिला आहे. तो उन्हाळाभर चालला आणि पहिल्या पावसात विहिरीच्या कठड्याला वीज आली. असा जोड पाण्यात वापरण्याच्या टेपने किंवा रेझिनच्या किटनेच करावा.

अर्थिंगसाठी अडीच ते तीन मीटर खोल जीआय पाईप मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरावा आणि मोटरचे कवच, लोखंडी पाईप व स्टार्टरची पेटी त्याला जाड वायरीने जोडावी. न्यूट्रलला अर्थ समजून पेटीला कधीही जोडू नये. कोकणात जांभ्या खडकामुळे खड्डा खोल जात नाही, तेथे थोड्या अंतरावर दोन खड्डे घेऊन ते एकमेकांना जोडावे लागतात. सोबत वीज गळताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवावे आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दुरुस्तीनंतर मेगरचा जो आकडा येईल तो तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावा. पुढच्या पावसाळ्याआधी मेगर पुन्हा लावला की त्याच्याशी तुलना करता येईल.